लेबल काढलेली बाटली

आमच्या घरात लेबल काढलेली बाटली म्हणजे पिण्याचं पाणी. हा कायदा सासूबाईंचा. सरबताची, कोल्ड्रिंकची, कसलीही बाटली रिकामी झाली की त्या ती कढत पाण्यात बुडवून ठेवतात, लेबल सोलतात आणि मागे राहिलेला चिकटा खोबरेल तेल नि रांगोळीने घासून काढतात. फिनाइल आणि अ‍ॅसिडच्या बाटल्यांची लेबलं मात्र कधी काढत नाहीत. माझी मुलगी रांगायला लागली तेव्हा त्यांनी हे ठरवलं. कागद असलेल्या बाटलीला हात लावायचा नाही, कागद नसलेली खुशाल तोंडाला लावा. मुलगी आता पुण्याला कॉलेजात आहे, कायदा तसाच आहे.

तोंडाला लावा हे आपलं बोलण्यापुरतं. आमच्याकडे बाटली ओठांना लावून पिणारा माणूस सासूबाईंच्या मनातून कायमचा उतरतो. पाणी वरून प्यायचं, मान मागे टाकून, एका दमात तीन-चार घोट. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या सकाळी रिक्षात मला सारखं तेच दिसत होतं.

मीसुद्धा दिवसभर लेबलंच सोलते, फरक इतकाच की मला त्याचा पगार मिळतो. डोंबिवलीच्या एमआयडीसीत जुन्या बाटल्यांचा चुरा करणारा एक कारखाना आहे. तिथल्या लॅबमध्ये मी कितीतरी वर्षं काढली. लॅब म्हणजे एक टेबल, एक शेगडी, वजनकाटा आणि मी. भंगारवाल्यांकडून बाटल्यांच्या दाबलेल्या गाठी येतात. त्यातल्या काही बाटल्यांचे तुकडे करायचे, कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात ढवळायचे आणि बघायचं, लेबल सुटतंय का, आणि सुटलं तर गोंद कुणाबरोबर जातोय.

लोकांना वाटतं, बाटली सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकली की पुढचं सगळं आपोआप होतं. होत नाही. कागदी लेबलाचा लगदा होतो आणि पाणी गढूळ करतो. काही बाटल्यांना गळ्यापासून बुडापर्यंत दुसऱ्याच प्लास्टिकचा झगा घातलेला असतो. तो बाटलीच्या तुकड्यांबरोबर तळाशी बसतो आणि पुढे भट्टीत जळून सगळ्या मालात काळे ठिपके पाडतो. आणि गोंद! शहाणा गोंद गरम सोड्यात बाटलीला सोडतो आणि लेबलाबरोबर निघून जातो. हलकट गोंद बाटलीलाच धरून बसतो. मग चुरा तापवला की तो पिवळा पडतो आणि त्याची पुन्हा बाटली होत नाही. बाटली कशी दिसावी यावर कंपन्या एवढा विचार करतात, ती सोलायची कशी हे मात्र आमच्यावर सोडतात. या विषयावर मी बोलायला लागले की घरातले एकेक जण उठून जातात.

तर एका सोमवारी एका सरबत कंपनीच्या बाटल्यांची गाडी आली. मी एका बाटलीचं लेबल ओढलं. वरची चकचकीत फिल्म सरळ हातात आली आणि गोंदाचा चार बोटं रुंद पट्टा बाटलीवर तसाच राहिला. तुकडे सोड्यात टाकले तर गोंद हलेना. दुसऱ्यांदा पाणी तापवायला घेतलं आणि शेगडीची कॉईल गेली. मालकांना मंगळवारी उत्तर हवं होतं, गाडी उतरवून घ्यायची की परत पाठवायची.

"मी घरून करून आणते," मी म्हटलं. वर म्हटलं, "त्यात काय एवढं."

नेहमीच्या सोड्याला तो दाद देत नव्हता, म्हणून मी मुद्दाम कडक पाणी केलं. ते त्याच सोललेल्या बाटलीत काठोकाठ भरलं, झाकण घट्ट लावलं, तुकड्यांची पिशवी घेतली आणि कल्याणला घरी आले. लॅबमधली कोणतीही वस्तू घरी नेऊ नये, अशी पाटी लॅबच्या भिंतीवर आहे. ती मीच लिहिली आहे.

संध्याकाळी कंटाळा आला. सकाळी लवकर उठून करू, असं ठरवून बाटली ओट्याच्या टोकाला, खिडकीखाली ठेवली. तिथेच सासूबाईंच्या चार बाटल्या रांगेत उभ्या असतात. माझी त्यांच्यापासून हातभर लांब होती. कॉस्टिकचं पाणी पाण्यासारखंच दिसतं. त्याला रंग नाही, वास नाही.

सकाळी सहाला उठले, जुनं पातेलं गॅसवर ठेवलं आणि बाटलीकडे हात नेला, तर तिथे बाटली नव्हती. सासूबाईंच्या चारही होत्या, चारही रिकाम्या. भरलेली फक्त माझीच होती.

मंगळवार होता आणि अंगारकी होती. सासूबाई दर अंगारकीला पहाटे टिटवाळ्याच्या गणपतीला जातात. जाताना भरलेली बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकतात, पाणी गार राहावं म्हणून.

सासूबाईंना फोन लावला, तर रिंग देव्हाऱ्याजवळच्या फळीवर वाजली. देवाच्या दारात फोन कशाला, असं त्या नेहमी म्हणतात. नवरा ठाण्याला माजिवड्याला कामाला, सहाच्या आधीच बाहेर पडलेला. त्याला फोन करायला नाव काढलं आणि थांबले. काय सांगणार होते? तुझ्या आईच्या पिशवीत मी सोडा ठेवलाय? फोन केला नाही. भीती वाटत होती ती आधी सासूबाईंसाठी, पण त्यात थोडी माझ्यासाठीही होती, हे लिहिताना आजही लाज वाटते.

चपला घालून खाली धावले. गाऊनवर ओढणी, केस तसेच. खडकपाड्याच्या नाक्यावर रिक्षावाल्याने माझ्याकडे बघूनच विचारलं, "हॉस्पिटल का ताई?"

"टिटवाळा. गणपती मंदिर. जोरात चल रे बाबा."

"अंगारकीला लई गर्दी असते तिकडे. ट्रेनने पटकन जाल."

"चल म्हटलं ना!" मी एवढ्या जोरात ओरडले की नाक्यावरचा चहावाला वळून बघायला लागला.

मला एकच आशा होती. दर्शनाआधी सासूबाई पाण्याचा घोटही घेत नाहीत. उपवास असो नसो, आधी देव, मग पाणी. म्हणजे त्या रांगेत आहेत तोवर जिवंत आहेत. आयुष्यभर देवळातल्या रांगांना नावं ठेवणारी मी, वाटेतलं मोहने गाव येईपर्यंत गणपतीला विनवत होते की रांग लांब असू दे. शंभर माणसं पुढे घुसू देत. कुणी व्हीआयपी येऊ दे आणि दर्शन तासभर बंद पडू दे.

कारखान्यात एकदा एका बाईच्या मनगटावर सोड्याचा थेंब उडाला होता. तिने तो पदराने पुसला आणि काम करत राहिली, कारण लगेच काही दुखत नाही. जेवायच्या सुट्टीत बघितलं तर कातडी पांढरी होऊन सुटली होती. तो एक थेंब होता आणि साधा सोडा होता. माझा कडक होता. एका दमात तीन-चार घोट. ओठांना लावून प्यायल्या असत्या तर पहिल्याच स्पर्शाला जीभ पोळून थांबल्या तरी असत्या. वरून पिणाऱ्या माणसाला कळतं तेव्हा ते घशाखाली गेलेलं असतं. लॅबमधल्या प्रथमोपचाराच्या तक्त्यावरच्या सूचना मी पाठ म्हणत होते. उलटी करवू नये. तोंड पाण्याने धुवावं. तातडीने दवाखान्यात न्यावं. टिटवाळ्यात एवढं मोठं हॉस्पिटल कुठे आहे, हे काही मला आठवेना.

पुढे बल्याणी गावाजवळ रस्ता खणून ठेवला होता. एकेक गाडी सोडत होते. मी उतरून चालायला लागले, तर रिक्षावाला म्हणाला, "ताई, बसा गप. चालत दुपार होईल." मग त्याने विचारलं, "काय झालंय?"

"माझ्या सासूबाई पाणी पितील."

त्यानंतर त्याने रिक्षा अशी काही चालवली की एरवी मी उतरून भांडले असते.

देवळाशी पोचले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. रांग तळ्याच्या बाजूने वळून लांबवर गेली होती. मी एका टोकापासून तोंडं बघत सुटले. अंगारकीला सासूबाई नेहमी हिरवं लुगडं नेसतात; तसं दिसलं की धावायचं, जवळ गेल्यावर दुसरीच बाई. लोकांना वाटलं मी मध्ये घुसत्येय. एक जण ओरडला, "ओ बाई, लाईन मागे आहे!" मी त्याला काय वाटेल ते बोलले. रांग संपली. सासूबाई रांगेत नव्हत्या.

म्हणजे दर्शन झालं होतं.

त्या क्षणी मी रडायला लागले. रडत रडतच नारळाच्या दुकानांवरून तळ्याकडे गेले. कुणीतरी कोसळलंय, घोळका जमलाय, असं काही दिसतंय का ते शोधत होते. घोळका नव्हता. कठड्यावर, झाडाच्या सावलीत, सासूबाई पाय सोडून बसल्या होत्या. मांडीवर बाटली आडवी होती. मान खाली घालून त्या नारळाच्या करवंटीच्या तुकड्याने ती खरवडत होत्या.

"आई!"

त्यांनी वर बघितलं. "अगं? तू कशी आलीस? आणि हा काय अवतार?"

मी बाटली हिसकावून घेतली. झाकण घट्ट होतं. पाणी काठोकाठ होतं. ओल्या फडक्याचे धागे, दूर्वांचे तुकडे, थोडं कुंकू, सगळं त्या गोंदाच्या पट्ट्याला चिकटलं होतं.

"प्यायलात का? आई, खरं सांगा, एक घोट तरी प्यायलात का?"

"कुठे पितेय! कधीची बसल्येय तहानेने. फडकं सोडवलं तर हे चिकट, हाताला घाण. देवाच्या दारात असल्या बाटलीने पाणी प्यायचं? म्हटलं आधी साफ करू. तर हा मेला गोंद निघतोय कुठे! तुझ्या त्या कारखान्यात नेऊन दाखव एकदा."

मी खाली त्यांच्या पायाशी बसले. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या आणि म्हणाल्या, "अगं, पण मला किती बरं वाटलं सकाळी. म्हटलं, सुनेने आठवणीने बाटली भरून ठेवली."

त्यात साबणाचं पाणी आहे, असं मी सांगितलं. याहून जास्त सांगायची हिंमत झाली नाही. त्यांना तळ्याकाठच्या दुकानातून पाणी आणून दिलं. त्या मान मागे टाकून पीत होत्या आणि मी त्यांचा घसा हलताना बघत होते. सोड्याची बाटली तिथे ओतता येईना, सगळीकडे अनवाणी माणसं. ती दोन्ही हातांनी पोटाशी धरून मी घरी आणली.

दुपारी ती कारखान्यात परत नेली आणि मालकांना सांगितलं, हा गोंद निघत नाही, गाडी परत पाठवा. सरबत कंपनीला पत्र लिहायचं काम माझ्याकडेच आलं. असा गोंद वापरल्याने बाटल्या पुन्हा वापरात येत नाहीत, गरम धुण्यात सुटणारा गोंद वापरावा, असं मी नेहमी लिहिते. या वेळीही तेच लिहिलं, कारण तेच खरं आहे. पण पत्राला बराच वेळ लागला.

बिल्डिंगमध्ये मात्र सासूबाईंनी वेगळीच गोष्ट पसरवली. सून माझ्यासाठी गाऊनवर टिटवाळ्यापर्यंत धावत आली, म्हणे, साबणाचं पाणी पोटात जाऊन मला त्रास होऊ नये म्हणून. शेजारणी जिन्यात थांबवून कौतुक करायच्या. एकीने तर आपल्या सुनेला माझ्याकडे बोट दाखवून ऐकवलं. मी मान खाली घालून वर निघून जायचे. मी सगळ्या बाटल्यांवर कागद चिकटवून 'पाणी' लिहिलं. सासूबाईंनी ते संध्याकाळच्या आत सोलून टाकले. त्यांना लेबल बघवतच नाही.

शेवटी एका रविवारी दुपारी, त्या भाजी निवडत असताना, मी सगळं सांगितलं. सोडा होता. मी कडक केला होता. घरी आणायचा नसतो. तुमची बाटली भरायची मला आठवणसुद्धा नव्हती.

त्यांनी हातातली गवार मोडली. मग विचारलं, "दिसायला पाण्यासारखाच?"

"हो."

"मग ओळखायचा कसा?"

"बोटांना बुळबुळीत लागतो. साबणासारखा. पण आई, हात लावून बघायचा नसतो. आणि आता घरात काही नाहीये. मी पुन्हा कधी आणणार नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. आपल्या मुलालाही आजवर काही सांगितलेलं नाही. जिन्यातलं माझं कौतुक मात्र त्या दिवसापासून बंद झालं.

संध्याकाळी त्या देवळातून आल्या, तेव्हा नेहमीसारखा मी पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी थोडं पाणी तळहातावर घेतलं. अंगठा त्यावरून दोनदा फिरवला. मग मान मागे टाकून प्यायल्या.

आता रोज तसंच करतात. माझ्यासमोरच करतात, लपवत नाहीत. त्यांचा अंगठा तळहातावर फिरतो तेवढा वेळ मी तिथेच उभी असते.