कालचा भाव बदलतो तेव्हा

कानांनी ऐकल्याशिवाय कोणताही भाव खरा मानायचा नाही, ही माझी जुनी सवय. वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या लिलावाचे भाव नोंदवणारा कारकून म्हणून माझी सगळी नोकरी गेली. ढिगापुढे उभं राहून अडत्या ओरडायचा, खरेदीदार बोली चढवायचे आणि शेवटचा आकडा माझ्या वहीत यायचा. दिवस संपला की फळ्यावर तीन भाव लिहायचे: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. एकदा लिहिलेला आकडा मी खोडत नसे. चुकलाच तर त्याच्यावर एक आडवी रेघ, शेजारी खरा आकडा आणि खाली सही. कालच्या भावाला हात लावायचा नाही, हा माझा धर्म होता. लोक मला शंकेखोर म्हणत आणि मला ते कौतुकच वाटे.

निवृत्त झाल्यावर हाती आलेले पैसे बँकेत ठेवून मी स्वस्थ बसलो असतो. पण माझी मुलगी, एकुलती एक, हिंगोलीला माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे आणि आकड्यांत तिला गती आहे. त्या पैशांतले निम्मे सोन्याच्या ईटीएफमध्ये टाकू या, असं तिचं म्हणणं. हा सोन्याचा फंड शेअरसारखा बाजारात विकत मिळतो आणि त्याच्या प्रत्येक युनिटमागे तेवढं सोनं तिजोरीत ठेवलेलं असतं, असं तिने समजावलं. ती तिजोरी तू पाहिलीस का, असं मी विचारलं. ती हसली. बायको म्हणाली, माझं स्थळ सांगून गेलं तेव्हाही यांनी, मुलगी तुम्ही स्वतः पाहिलीत का, असंच विचारलं असेल.

मी अट घातली. आधी मागचे भाव दाखव, मग बोलू. पुढच्या रविवारी ती येताना कागदांची चळत घेऊन आली. दोन वर्षांचे भाव, रोजची एक ओळ. बाजार उघडला तेव्हाचा भाव, दिवसभरातला सगळ्यात जास्त, सगळ्यात कमी, बंद होतानाचा आणि शेवटी त्या दिवशी किती युनिट विकले गेले. मी पेन्सिल घेऊन आठवडाभर ते कागद वाचले. पोथी वाचावी तसं वाचताय, असं बायको म्हणाली. मला मात्र वाचता वाचता मोंढ्यातच बसल्यासारखं वाटत होतं.

एका ओळीपाशी मी अडकलो. त्या दिवशीचा सगळ्यात जास्तीचा भाव आदल्या आणि नंतरच्या दिवसांपेक्षा उगाच उंच होता. मुलगी म्हणाली, त्या दिवशी सोनं वाढलं असेल. मी शेवटचा रकाना दाखवला. त्या दिवशी विक्री जेमतेम झाली होती. मग तिला मुहूर्ताच्या सौद्याची गोष्ट सांगितली. नवी हळद आली की पहिल्या ढिगापुढे नारळ फुटतो, शेतकऱ्याला टोपी-उपरणं देतात आणि हौसेने त्या एका ढिगाला चढा भाव लावतात. दुसऱ्या दिवशी पेपरात तोच भाव छापून येतो. तो वाचून शिरड शहापूरचे शेतकरी टेम्पो भरून येतात आणि सर्वसाधारण भावात माल घालून माझ्याकडे रागाने बघत परत जातात. म्हणून भाव कधी एकटा वाचायचा नाही. किती मालाला तो मिळाला, हे शेजारी पाहायचं.

ती कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, हे आमाला कोणी शिकवलं न्हाई, बाबा. मला एवढं बरं वाटलं की मी तिथेच होकार दिला. खातं माझ्या नावावर उघडलं, पण मला रोजची कटकट नको म्हणून मोबाइल नंबर तिचा लावला.

दोनेक वर्षं छान गेली. मग मी नुकताच फोनवर भाव बघायला शिकलो. एके दिवशी दुपारी सहज म्हणून ते जुने कागद काढले आणि फोनवरचे मागचे भाव त्यांच्याशी ताडून बघायला लागलो. पहिल्याच ओळीला माझा हात थांबला. कागदावर एका युनिटचा भाव चार हजारांच्या वर होता. फोनवर त्याच तारखेला चाळीस रुपये आणि काही पैसे. दुसरी तारीख बघितली, तिसरी बघितली. सगळीकडे तेच. दोन वर्षांचे भाव कोणीतरी मुळापासून बदलून टाकले होते, आणि आडवी रेघ नाही, सही नाही.

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. आजचा भावही पन्नासच्या घरात होता. चार हजारांचं सोनं पन्नास रुपयांवर आलं असतं तर गावात बोंब झाली असती. म्हणजे भाव पडला नव्हता, कोणीतरी काहीतरी लपवण्यासाठी मागचे आकडे रंगवले होते. कुठेतरी पाणी मुरत होतं. कोण रंगवणार? वेबसाइटवाल्यांना माझ्यासारख्या म्हाताऱ्याशी काय देणंघेणं? आणि मग, मला सांगायला लाज वाटते, माझं मन सरळ मुलीकडे गेलं.

एकदा शंका शिरली की पुरावे आपल्या पायांनी चालत येतात. कागद तिनेच आणलेले. मोबाइल नंबर तिचा, म्हणजे पैसे काढले तरी निरोप तिलाच जाणार. महिन्यापूर्वी तिने नवी स्कूटी घेतली होती. मागच्या दोन रविवारी ती घरी आली नव्हती. फोनवर पैशाचा विषय काढला की "चांगलं आहे, बाबा" एवढंच म्हणायची. मी हे सगळं ओळीने मांडलं आणि बेरीज बरोबर आली. बायको म्हणाली, आधी पोरीला फोन तर करा. फोन केला तर ती सावध होईल, असं मी म्हणालो. स्वतःच्या लेकीबद्दल मी हा शब्द वापरला. वर धाकट्या मेव्हण्याला, म्हणजे तिच्या मामाला, फोन करून सांगितलं, की पोरीने पैसे काढलेत असं वाटतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने हिंगोलीला गेलो. कागद पिशवीत, पिशवी मांडीवर. प्रयोगशाळेत ती आणि तिची मैत्रीण डबा खात होत्या. बाबा अचानक आले म्हणून ती घाबरून उठली, आईला बरं आहे ना, असं विचारू लागली. मी तिच्या डब्याशेजारी कागद ठेवले आणि मैत्रिणीसमोरच विचारलं, "स्कूटीचे पैसे कुठून आणलेस?"

तिने घास खाली ठेवला. स्कूटी हप्त्यावर घेतलीय, असं म्हणून तिने आधी त्याचे कागद मोबाइलवर दाखवले. मग माझे कागद बघितले, माझ्या फोनवरचे भाव बघितले आणि तिला सगळं उमगलं. तिने खातं उघडलं. आम्ही घेतले तेव्हा नव्वद युनिट होते. आता नऊ हजार होते. फंडाने एका युनिटचे शंभर केले होते.

"एका पोत्याच्या शंभर पुड्या बांधल्या, बाबा," ती हळू आवाजात म्हणाली. "आता कालचा भाव पोत्याचा आन आजचा पुडीचा ठेवला, तर बघणाऱ्याला वाटंल भाव कोसळला. म्हणून मागचे सगळे भाव पुडीचेच करून दाखवतेत. कोणी काही खोडलेलं न्हाई."

मला लगेच कळलं. तिने दुसऱ्यांदा सांगायची गरजही नव्हती. भाव एकटा वाचू नये हे तिला शिकवणारा मी, आणि आपल्याकडे किती नग आहेत हे एकदाही विचारलं नव्हतं. शंभरने भागलेला आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी शंभराच्या जागी चोर शोधत बसलो होतो. एका युनिटचे शंभर झाल्याचं फंडाचं पत्र आलं तेव्हा तिने मला ते मोबाइलवर पाठवलंही होतं. अशा निरोपांतून फसवणूक होते, असं कुठेतरी वाचून मी ते न उघडता पुसून टाकलं होतं.

मैत्रीण उठून बाहेर गेली. मुलगी डब्याचं झाकण लावत होती, ते नीट बसत नव्हतं. तेवढ्यात तिने विचारलं, "आकडा बदललेला दिसला तवा तुमाला पहिली आठवण माझीच झाली, व्हय?"

मी म्हणालो, खातं तू बघतेस म्हणून. ती म्हणाली, बराबर आहे. मला माफी मागता आली नाही. मोंढ्यात आकडा चुकला तर रेघ मारून सही करायचो, पण इथे कशावर रेघ मारणार? स्टँडवर सोडायला ती त्याच स्कूटीवरून आली आणि बस सुटेपर्यंत थांबली. दोन दिवसांनी मामाचाही तिला फोन गेला. त्याने काय विचारलं ते तिने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात तिने खात्याला माझा नंबर लावून घेतला. पैसे आहेत तिथेच आहेत, वाढलेतही. पण तेव्हापासून ती मला प्रत्येक गोष्टीचा पुरावा पाठवते. ताप आलाय म्हणाली की तापमापकाचा फोटो येतो. आईसाठी गोळ्या घेतल्या की दुकानाची पावती येते. रागाने पाठवत असती तर मी भांडलो असतो. ती न चुकता, शांतपणे पाठवते, आणि तेच मला सहन होत नाही.

मागच्या शनिवारी ती घरी यायची होती. संध्याकाळी फोन आला, सव्वापाचची बस चुकली, आता उद्या सकाळी येते. फोन ठेवला आणि पाठोपाठ फोटो आला: हिंगोली स्टँडचा रिकामा फलाट आणि वर घड्याळ. मला राहवलं नाही. मी परत फोन लावून म्हणालो, मला फोटो नको, पोरी. तू सांगितलंस तेवढं पुरे.

"असू द्या, बाबा," ती म्हणाली. "पुढं तुमालाच बरं पडतंय."

तिने फोन ठेवला. मी कितीतरी वेळ तो फोटो बघत बसलो. बायकोने हाक मारली तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की मी तो दोन बोटांनी मोठा करून घड्याळात किती वाजलेत ते बघत होतो.