समोरून न पाहिलेला माणूस

गिरजाबाईंचं नाव सगळ्यांत आधी घेतो. त्या नसत्या, तर मी वर्धा सोडून केव्हाच देवगडला परत गेलो असतो. काय झालं ते आता सांगतो.

"फोटो असता तं तुमच्याकडे आलो असतो काऊन, अण्णाजी?" सरपंच आमच्या मालकांना म्हणत होते. स्टुडिओच्या बाकावर ते आणि त्यांच्यासोबत आलेले तुकारामजी बसले होते. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होणार होती. त्यांचं गाव आर्वीकडच्या रोहण्याच्या पुढे, अगदी लहान. तिथला श्रीपत नावाचा एक माणूस बेचाळीसच्या चळवळीत जेलमध्ये गेला आणि तिथेच तापाने वारला. तुकारामजी त्याचे थोरले भाऊ. पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीत श्रीपतचा फोटो लावायचा, असं ठरलं होतं. अडचण एकच, त्याचा फोटोच नव्हता. त्या काळी फोटो काढायला वर्ध्याला यावं लागे, आणि श्रीपत वर्ध्याला आला तो बेड्या घालूनच.

अण्णाजींनी माझ्याकडे पाहिलं. "आमचा आर्टिस्ट करून देईन."

तो आर्टिस्ट म्हणजे मी. मी आठवीत शाळा सोडलेला. मामा रेल्वेत होता म्हणून त्याच्या मागे इकडे आलो. मामाची बदली झाली, मी राहिलो. आर्टिस्ट वगैरे कोणी नव्हतो. मी फिनिशिंग करायचो. म्हणजे असं, की फोटो मोठा केला की तो पुसट होतो, नाकाची कड जाते, डोळे विरघळल्यासारखे दिसतात. मग त्या ब्रोमाइड प्रिंटवर बारीक ब्रशने आणि काळ्या पावडरने चेहरा परत उभा करायचा. कधी वारलेल्या माणसाचा शेवटचा फोटो यायचा, डोळे मिटलेले. घरच्यांना उघडे हवे असायचे. तेही मी करायचो. पण त्याला काहीतरी आधार असतो. इथे नुसतं नाव होतं.

अण्णाजी मला आत घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "जमत नसन तं आत्ताच सांग, दुसरा पाह्यतो." या कामापुरता दुसरा की माझ्या जागीच दुसरा, हे मी विचारलं नाही. जमेल म्हणालो.

अशा वेळी धंद्यातला रस्ता ठरलेला आहे. रक्ताचा माणूस स्टुलावर बसवायचा, फोटो काढायचा, फिकट प्रिंट मारायची आणि त्यावर दुसरा माणूस चढवायचा. मी तुकारामजींना बसवलं. चेहरा थोडा सांगा म्हटलं, तर ते म्हणाले, माह्यासारखाच होता. सरपंच म्हणाले, भारदस्त पाहिजे, मिशी पाहिजे, टोपी पाहिजे. मी सुरकुत्या पुसल्या, केस काळे केले, मिशी भरली, टोपी चढवली. काम करताना मला एकच भीती होती. एकदा का फ्रेम भिंतीवर लागली, की गावासाठी तोच श्रीपत. उद्याची पोरं त्याच चेहऱ्याला हार घालणार. मी चुकलो, तर पुढे कोण सांगणार हा तो नव्हे म्हणून?

प्रिंट पाहायला सरपंच आले तेव्हा तुकारामजींबरोबर एक बाईही होती. पन्नाशीच्या आतबाहेरची, हातात पिशवी, पिशवीत वांगी. ही श्रीपतची बायको, गिरजाबाई. लग्नानंतर जेमतेम दोन पावसाळे तिने त्याच्यासोबत काढले होते. मूल नव्हतं. दिराच्या आधाराने राहिली, भाजीपाला पिकवून आर्वीच्या बाजारात विकू लागली.

मी प्रिंट स्टँडवर ठेवली.

"वा," सरपंच म्हणाले. "पाह्यताच हात जोडावं वाटते."

अण्णाजी खूश झाले. मी मात्र गिरजाबाईंकडे बघत होतो. भित्र्या माणसाला ही सवय असते, तो कामाकडे न बघता लोकांच्या तोंडाकडे बघतो. बाईंनी फोटोकडे एकदा पाहिलं, डोक्यावरचा पदर चटकन पुढे ओढला आणि भिंतीला लागून उभ्या राहिल्या. घरात वडीलधारं माणूस आलं की सून बाजूला सरते, तशा.

मी जवळ जाऊन विचारलं, मावशी, काय झालं?

"काई नाई."

मी तिथून हललो नाही. तेव्हा त्या अगदी हळू म्हणाल्या, "हे तं मामंजी होय."

मामंजी म्हणजे सासरे. तुकारामजींनी ते ऐकलं, प्रिंटजवळ गेले, चष्मा वर केला. "खरंच की बावा. हा तं आमचा बाप होय."

मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. साठीच्या माणसाच्या सुरकुत्या पुसून आणि वरून भारदस्तपणा घालून मी पन्नाशीचा माणूस केला होता. त्या घरातला पन्नाशीचा माणूस म्हणजे त्यांचा बापच.

सरपंचांना ते फारसं पटलं नाही. म्हणाले, बाई, हुतात्मा म्हटलं म्हणजे जरा वजन दिसलं पाहिजे.

"ते गेले तवा मिशी फुटून राह्यली होती," गिरजाबाई म्हणाल्या. "वजन चढाले टाईम कुठी भेटला त्यायले?"

मी म्हणालो, मी पुन्हा करतो. अण्णाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला घरी जायची गाडी आठवली. झेंडावंदन जवळ आलं होतं.

गिरजाबाई मागच्या खोलीत माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. तुकारामजींचा धाकटा मुलगा अंबादास त्यांनी बोलावून घेतला, बाविशीचा, काका गेला तेव्हाच्याच वयाचा. मी त्याला कॅमेऱ्यासमोर सरळ बसवला आणि बाईंना विचारलं, डोळे असेच होते का? भुवया?

चांगले होते, एवढंच म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मला वाटलं, तीस वर्षांत विसरल्या असतील. ज्याच्यासोबत या बाईने संसार केला होता, त्याचा चेहरा तिच्याकडेही नसेल, तर मी कुठून आणणार?

शेवटी त्या खाली बघत म्हणाल्या, "समोरून कधी पाह्यलंच नाई, बाबू. घरात सासूसासरे, जाऊ. नवऱ्याच्या तोंडाकडे पाह्याची सोय होती का? ते जेवत तवा मी चुलीपाशी राहो. तिथून जेवढं दिसे तेवढं दिसे."

"तिथून काय दिसायचं?"

मग त्या सांगू लागल्या आणि थांबल्याच नाहीत. कान मोठा, वरून जरासा दुमडलेला. मानेवर केस आलेले, कापायचा कंटाळा. घास चावताना जबड्याचं हाड हले. वाटी रिकामी झाली की चुलीकडे न बघता, पण तिला ऐकू जाईल असं पुटपुटायचे, वांगं चांगलं झालं. तिने काय काय पाहून ठेवलं होतं! सगळं एका बाजूने.

आमच्या धंद्यात भिंतीवरचा माणूस सरळ बघतो. त्याला फुल फेस म्हणतात. हार घालणाऱ्याला वाटलं पाहिजे, की तो आपल्याकडे बघतोय. एका बाजूने दिसणारा चेहरा म्हणजे प्रोफाइल. ती असल्या कामाला कोणी करत नाही. मी अंबादासला स्टुलावर आडवा वळवला.

"मान खाली कर," गिरजाबाई म्हणाल्या. "आणखी. जेवाले बसला तसा."

"काकू, मले हुतात्मा करून राह्यली का?"

"तुले कोण करते? तुले सकायी उठवाले दोन माणसं लागते."

तो हसला आणि मान तशीच राहिली. मी क्लिक केलं.

पुढचं काम आम्ही दोघांनी केलं असंच म्हणतो. मी ब्रश चालवायचो, त्या बोटाने दाखवायच्या. नाक असं नाई, कान इथून, हनुवटी थोडी बारीक. मिशीची नुसती सावली. टोपी काढली. एकदा मी हात आखडला, चुकेल म्हणून. तेव्हा त्यांनी विचारलं, घरी कोण आहे? आई, म्हणालो. तिचा फोटो आहे का जवळ? नव्हता. दुसऱ्यांच्या माणसांचे डोळे उघडून द्यायचो मी, आणि माझ्या ट्रंकेत आईचा एक फोटो नव्हता.

"मंग कशाले थांबला? काम झालं का जाजो घरी," त्या म्हणाल्या. "समोर बसवून काढजो."

काम झालं. मी प्रिंट उजेडात धरली. मानेवर केस आलेला, खाली बघणारा एक जवान पोरगा. गिरजाबाई खूप वेळ बघत राहिल्या. रडल्या नाहीत.

"एवढा वेळ पाहू देल्लं नव्हतं कोणी," एवढंच म्हणाल्या.

सरपंच आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. हा पाह्यते कुठी? आपल्याकडे तं पाहूनच नाई राह्यला. पण अण्णाजींनी गल्ल्यातून एक जुना रुपया काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यावर इंग्रजांचा राजा होता, बाजूने. म्हणाले, राजालाही असंच बसवत. सरपंचांनी नाणं उलटंपालटं करून पाहिलं.

"त्याच्याच जेलात तं गेलता हा," तुकारामजी बोलले. सगळे हसले आणि फ्रेमची ऑर्डर पक्की झाली.

पंधरा ऑगस्टला प्रभातफेरी झाली, झेंडा चढला, मग ग्रामपंचायतीत फोटो. मी दाराशी उभा होतो, कोणी काही बोलतं का ते ऐकायला. श्रीपतबरोबर शाळेत गेलेला एक गृहस्थ आत आला, थांबला, म्हणाला, "अरे, शिरपत." मला पुरे झालं. गावातली पोरं आजही त्या फोटोला आजोबा म्हणत नाहीत, दादा म्हणतात.

त्या गणपतीला मी स्टुडिओचा कॅमेरा मागून घरी गेलो आणि आईचा फोटो काढला. नंतर दोनच वर्षांनी ती गेली. तो फोटो माझ्याकडे आहे, समोरून काढलेला, त्यावर ब्रश लावावा लागला नाही.

आता आर्वीत माझा स्वतःचा स्टुडिओ आहे. हुतात्म्यांचे, पुढाऱ्यांचे फोटो अजून येतात. एवढं शिकलो, की कमिटीला माणूस कसा हवा ते लिहून घ्यायचं आणि कसा होता ते घरच्या बाईला विचारायचं. दोन्ही सहसा जुळत नाहीत.

गिरजाबाई दर पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीत जाऊन बसतात. औंदा म्हणाल्या, धुकं दिसते बाबू, कान कुठचा, केस कुठचे, समजत नाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशनचं नाव काढलं की घाबरतात, उद्या पाहू म्हणतात. मी त्यांना सांगून ठेवलं आहे, तुम्ही नाही म्हणालात तरी एक दिवस एसटीत बसवून वर्ध्याला दवाखान्यात नेणार आहे, आणि पट्टी सुटेपर्यंत खाटेपाशी बसणार आहे.