पडद्यामागचं ‘लिहिलं’

आमच्या गल्लीतले शिंपीमास्तर माप घेताना आकडा मोठ्याने सांगायचे आणि पडद्यामागे बसलेली त्यांची बायको ‘लिहिलं’ म्हणत तो वहीत टिपायची. पस्तीस वर्षं हेच चाललं. ती गेल्यावर आठवड्याने दुकान उघडलं आणि मास्तर सवयीने ओरडले, "कंबर चव्वेचाळीस!" आम्ही सगळे खाली बघायला लागलो. मग मास्तरच म्हणाले, "आकडा ऐकून बेशुद्ध पडली वाटतं." आमचा जीव भांड्यात पडला. आम्ही पोट धरून हसलो.

तेव्हापासून मास्तर रोज नवं काहीतरी सांगायचे. कधी ती रुसलेली असायची, कधी पेन शोधत असायची.

गेल्या महिन्यात त्यांनी माझी छाती मोजली, आकडा सांगितला आणि पडद्याकडे बघत नुसतेच उभे राहिले. मला मेल्याला तेव्हाच शहाणपण सुचलं. बायकी आवाज काढून मी म्हणालो, "लिहिलं!" दुकान हसून लोळलं. मास्तरही हसले, डोळे पुसत.

आता येणारा प्रत्येक जण ‘लिहिलं’ म्हणतो. काल मास्तरांनी आकडा गुपचूप स्वतःच वहीत लिहिला, तर गिऱ्हाईक हिरमुसलं. "अहो मास्तर, वहिनींना सांगा की!"

मास्तरांनी वही मिटली आणि पडद्याकडे तोंड करून आकडा सांगितला.