दुसऱ्या शिपायाची जागा

जयराम पगारे हा माणूस बोलण्याच्या बाबतीत जन्माचा कंजूष. सातपूरच्या एका कारखान्यात त्याची हयात गेली ती लेथ मशीनच्या घरघराटात. तिथे बोलून उपयोग नसतो, हातानेच खुणा करायच्या. घरी त्याच्या वाटचं सगळं बायको, आशा बोलायची. पोराला शाबासकी द्यायची तरी हिनेच, पाहुण्यांना थांबा म्हणायचं तरी हिनेच. आशा गेली आणि त्या घरातलं बोलणंच गेलं. रिटायर झालेला एकटा गडी. दिवसभरात तोंड उघडायचं ते दूधवाल्यापुढे, आणि तेही "अर्धा लिटर" म्हणायला.

मुलगा अश्विन बायको आणि मुलगी सृष्टीसह कॅनडात. फोन करायचा तो, नाही असं नाही. पण फोन कसला?

"गोळी घेतली, पप्पा?"

"घेतली."

"जेवलात?"

"जेवलो."

"थंडी आहे का?"

"आहे."

मग दोन्हीकडे शांतता. "बरं, ठेवू?" की संपला फोन. आशा होती तेव्हा हाच फोन तासभर चालायचा हो! जयरामला बोलायचं नव्हतं असं अजिबात समजू नका. खूप बोलायचं होतं. सुरुवात कुठून करतात एवढंच त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात अश्विन आठवडाभर आला, तेव्हा त्यानेही घरातली ही शांतता पाहिली. जाताना बापाच्या हातात त्याने एक छोटंसं यंत्र ठेवलं. मोबाईलपेक्षा जरा जाड, मध्ये पडदा, दोन्ही बाजूंना बटणं.

"आठवतंय का बघा," म्हणाला, आणि पडद्यावर दोन शिपाई बंदुका घेऊन जंगलात धावायला लागले.

न आठवायला काय झालं? अश्विन शाळकरी असताना टीव्हीला जोडायचा गेम घरी आणला होता. जयरामला सेकंड शिफ्ट असली की सकाळ मोकळी. मग बापलेक चटईवर खांद्याला खांदा लावून बसायचे. लाल शिपाई बापाचा, निळा पोराचा. दोघांमध्ये जवळीक म्हणून जी काय होती, ती त्या चटईवर. तो गेम कधीच भंगारात गेला. पण तसल्या जुन्या यंत्रांची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम जगभरच्या हौशी लोकांनी लिहिलाय, फुकट वाटलाय, आणि ज्याला भर घालायची त्याने घालावी म्हणून उघडा ठेवलाय. अश्विनच्या कॅनडातल्या यंत्रात तोच प्रोग्राम होता आणि आता बापाच्या यंत्रातही.

"रविवारी दिवेलागणीला हे बटण दाबायचं, म्हणजे इंटरनेटवर तुमची खेळायची खोली उघडते. मग नुसतं थांबायचं. मी तिकडून आत येतो आणि निळा शिपाई होतो. काही बोलायचीसुद्धा गरज नाही."

बोलायची गरज नाही! जयरामचा जीव भांड्यात पडला.

तेव्हापासून त्याचा आठवडा रविवारभोवती फिरायला लागला. दुपारी दाढी. चार वाजल्यापासून यंत्र चार्जिंगला. संध्याकाळी चहा घेऊन तो पलंगावर बसायचा, बटण दाबायचा आणि वाट बघायचा. दुसरा खेळाडू आल्याची ओळ पडद्यावर आली की घरात कुणी नसतानाही मोठ्याने म्हणायचा, "जय भीम, ये." सुरुवातीला त्याला उडीसुद्धा धड मारता यायची नाही. खड्ड्यात पडायचा, पडायचा आणि परत पडायचा. अश्विन एकटाच पुढे निघून जायचा.

पण दसरा झाला आणि पोरगं बदललं. आता निळा शिपाई खड्ड्याच्या काठावर थांबायला लागला. स्वतः उडी मारून दाखवायचा, परत यायचा, पुन्हा मारून दाखवायचा. जयरामला जमेपर्यंत हलायचा नाही. एकदा गंमत म्हणून जयरामने आपल्या शिपायाला दोनदा खाली झोपवून उठवलं, कारखान्यात लांबून मान डोलवायचे ना, तसं. निळ्यानेही लगेच दोनदा लोळण घेतली! जयराम एवढा हसला की त्याला ठसका लागला. पोराला आपली कदर आहे, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा ठसठशीत वाटलं. हे तो फोनवर कधी बोलला नाही. बोलून नजर लागायची, आणि लाजही वाटायची म्हणा. फोनवर आपलं गोळी, जेवण आणि थंडी.

थंडी सरता सरता एका रविवारी दोघांनी मिळून शेवटचा राक्षस पाडला. जयराम उठून उभाच राहिला. अंगात असं काही भरलं होतं की आता बोललं नाही तर छाती फुटेल. त्याने स्वतःहून फोन लावला. अश्विन घाबरला. "काय झालं पप्पा? बरं आहे ना?"

"अरे मस्त आहे! काय खेळलास आज! शेवटी माझ्या पुढ्यात येऊन स्वतः मेलास, म्हणून मी वाचलो. मी... मला लई बरं वाटलं बाबा. एवढंच सांगायचं होतं."

पलीकडून पाण्याचा नि पोरांचा गलका ऐकू आला.

"पप्पा, आज मी नव्हतो. सृष्टीला पोहायच्या क्लासला घेऊन आलोय."

"म्हणजे? मग मागच्या रविवारी?"

"क्लास रविवारीच असतो. दसऱ्यापासून मी आलोच नाहीये, पप्पा. मला वाटलं, तुम्हालाच कंटाळा आला. तुम्ही कधी विचारलंही नाहीत, कुठे गायब झालास म्हणून." मग जरा थांबून, "ती खोली उघडीच असते. जगातलं कोणीही येतं. मी पासवर्ड टाकायला हवा होता, चुकलंच माझं. पुढच्या रविवारी नक्की येतो. नक्की."

पासवर्ड कसा टाकायचा ते त्याने समजावून सांगितलं. जयराम हो हो म्हणाला. फोन ठेवल्यावर बराच वेळ तो दिवा न लावता बसून राहिला. कोण होतं मग ते? म्हातारं की तरुण, बाई की पुरुष, कुठल्या देशातलं, काय जेवणारं, काही पत्ता नाही. आणि आपण येड्यासारखे त्याला "जय भीम, ये" म्हणत होतो! त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. लाज ओसरल्यावर मात्र जे उरलं ते जास्त वाईट होतं. पोराची कदर म्हणून जे जे त्याने छातीशी धरलं होतं, त्यातलं काहीच पोराचं नव्हतं.

रविवार आला. जयरामने पासवर्ड टाकून खोली उघडली आणि बसला. चहा संपला. खाली कॉलनीतली पोरं खेळून घरी गेली. अश्विनचा पत्ता नाही. विसरला असेल. क्लास असेल. बर्फ पडलं असेल. अर्धा तास वाट पाहून जयरामने, जरा बघू तरी म्हणत, पासवर्ड काढून टाकला.

लगेच कुणीतरी आत आलं. निळा शिपाई दोनदा खाली झोपला, दोनदा उठला.

"आलास होय," जयराम म्हणाला. कोण का असेना, ते बाहेर ताटकळत उभं होतं. त्याची वाट बघत होतं.

दोघं निघाले. मोडक्या पुलापाशी पोचतात तोच फोन वाजला.

"पप्पा, सॉरी, उशीर झाला. मी आलोय, पण आत येता येत नाही. जागा भरलेली दाखवतंय. पासवर्ड टाकला नाहीत का?"

जयराम पडद्याकडे बघत राहिला. निळा पुलाच्या पलीकडे जाऊन वळून उभा होता, हा उडी मारतो का बघत. त्याला सांगणार कसं? थांब म्हणून? माझा मुलगा आलाय म्हणून? त्या खेळात धावणं आहे, गोळी आहे, मरणं आहे. एक शब्द बोलायची सोय नाही.

"पप्पा?"

"हां, हां. एक मिनिट."

त्याने बटण दाबलं आणि खोली बंद केली. कुणाच्या तोंडावर दार लावावं तसं त्याला झालं. मग पासवर्ड टाकून पुन्हा उघडली. अश्विन आला. या खेपेला त्याने फोन चालूच ठेवला होता, बाप त्याला ऐकू यावा म्हणून. मागून सृष्टीचा आवाजही येत होता. पोरगं मनापासून आलं होतं, हे जयरामला कळत होतं, आणि म्हणूनच त्याला जास्त त्रास होत होता.

खड्डा आला. जयरामने सफाईने उडी मारली. दुसरा आला, तोही पार केला, आणि काठावर थांबून मागे वळला. अश्विनचाच शिपाई खड्ड्यात पडला.

"अरे बाप रे!" अश्विन हसायला लागला. "पप्पा, तुम्ही तर भारी खेळायला लागलात! मागे तुम्हाला एक उडी जमत नव्हती. कोणी शिकवलं हो?"

जयरामने डोळे पुसले. फोनवर ते दिसत नव्हतं ते बरंच झालं.

"तूच की रे," तो म्हणाला.