नमुना नापास

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, एकतीस वर्षं विजेची बटणं बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते. तयार मालाच्या पेटीतून एक बटण काढायचं, ते मोडेपर्यंत चालू-बंद करायचं आणि आकडा वहीत लिहायचा, एवढंच काम. त्याला किती अक्कल लागते ते मला अजून कळलेलं नाही. पण निवृत्त झाल्यावर त्यांचा असा समज झाला की सगळं जग त्यांच्या शिक्क्यावाचून अडून बसलंय. घरात नवी छत्री आली तरी शंभर वेळा उघडझाप केल्याशिवाय ती पावसात जायची नाही.

गेल्या वर्षी ताई न्हाणीघरात घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण हातातली पकड गेली ती गेलीच. तिला पहाटे पाचला कॉफी लागते, लग्नाआधीपासूनची सवय. आता गरम पातेलं उचलून गाळणं तिला जमेना, आणि भावोजींची स्वारी साडेसाताशिवाय उठत नाही. म्हणजे अडीच तास ही बाई रिकाम्या कपासमोर बसून. "स्वतःच्या घरात माझी मी कॉफीसुद्धा घेऊ शकत नाही गं," असं ती एकदा मला म्हणाली. नवऱ्याला तिनं एवढंच सांगितलं, "एक साधं कॉफीचं मशीन आणा."

झालं! भावोजींना काम मिळालं. वही निघाली, सव्वीस रकाने आखले गेले. वायरीची लांबी, टाकीची जाडी, पाणी तापायला लागणारा वेळ, गाळणीच्या जाळीची भोकं. दुकानात जाऊन ते मशीन उलटं करायचे आणि बुडावर टकटक करायचे. दुकानदार त्यांना लांबून बघूनच मागच्या खोलीत सटकायचा. असे सात महिने गेले. मी विचारलं की उत्तर ठरलेलं, "घाई करून कसं चालेल? वस्तू टिकाऊ हवी." तोवर आपण पाचला उठून बायकोला कपभर कॉफी करून द्यावी, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

शेवटी एक मशीन घरात आलं. साधं, एका बटणाचं. ताईनं हौसेनं कप धुऊन ठेवला. भावोजींनी मशीन उचललं आणि आपल्या टेबलावर नेलं.

"अहो, कॉफी?"

"आधी चाचणी."

चालू, बंद. चालू, बंद. गृहस्थ तीन दिवस बटण दाबत बसले, दर शंभराला वहीत एक रेघ. तिसऱ्या दिवशी दुपारी मी गेले, तर बटण आत रुतलेलं, काही केल्या वर येईना. एखादा ओशाळला असता. यांचा चेहरा नुसता फुलला होता.

"बघितलंस? चार हजार दोनशेला गेलं! नमुना नापास!"

"भावोजी," मी म्हटलं, "कारखान्यात एक मोडलं तरी पेटीभर उरायची. इथे एकच होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि नवं पान उघडून रकाने आखायला घेतले. मला इतका संताप आला की ती वही उचलून खिडकीबाहेर भिरकावावी असं वाटलं. त्याऐवजी ताईला म्हटलं, "चप्पल घाल, चल."

दुकानदार नेहमीची माहिती सांगायला लागला. ताईनं त्याला थांबवलं.

"या मशीनांची कॉफीची भांडी पाण्यानं भरून द्याल का?"

पहिलं तिला उचलवलंच नाही. दुसरं थरथरलं, पाणी सांडलं. तिसरं हलकं होतं, त्याची मूठ जरा रुंद होती. ते तिनं उजव्या हातानं उचललं आणि सावकाश ओतलं. एक थेंब बाहेर गेला नाही.

"हेच द्या," ती म्हणाली. पाच मिनिटंसुद्धा लागली नव्हती.

मी त्या रात्री त्यांच्याकडेच राहिले. पहाटे पाचला ताईनं आपल्या हातानं कॉफी ओतली, आणि मग दोघी बहिणी निवांत बोलत बसलो. साडेसाताला भावोजी वही घेऊन उगवले. मशीनभोवती फिरले, वाकून बूड बघितलं.

"हे कशावरून निवडलंस?"

"उचलून बघितलं."

त्यांनी वही चाळली. सव्वीस रकान्यांत तिच्या मनगटाचा एकही नव्हता. मग हळूच खुर्ची ओढून म्हणाले, "मला अर्धा कप..."

"आधी चाचणी होऊ द्या तुमची," ताई म्हणाली आणि उरलेली कॉफी तिनं माझ्या कपात ओतली.