मुलीचा मामा आणि निळा डबा

आधी तो चहाचा कप खाली ठेवा, ठसका लागेल. मग सांगतो, मी टोरांटोत माझी शोभा कशी करून घेतली ते!

दोन हजार सालच्या आसपास मी माझ्या मुलाकडे गेलो होतो, टोरांटोच्या स्कारबरो भागात. नाशिकहून ताईचा फोन आला. "वृषालीला स्थळ आलंय. मुलगा तुमच्याकडून दोनच गल्ल्यांवर राहतो. जरा चौकशी कर रे, उद्या त्यांना कळवायचंय."

चौकशी? अहो, नाशिकच्या सिडकोतल्या निम्म्या जावयांची चौकशी मीच केलेली! किराणावाला, इस्त्रीवाला, समोरच्या ओट्यावरच्या काकू. अर्ध्या तासात मुलाची कुंडली हातात.

पण तिथं? एकसारखी विटांची घरं, पुढे हिरवळ, दारात गाडी. इस्त्रीवाला नाही, ओटा नाही, काकू नाहीत. रस्त्यावर चिटपाखरू नाही. कोपऱ्यावर एक पाटी मात्र होती: इथले शेजारी एकमेकांच्या घरांवर लक्ष ठेवतात. म्हटलं, वा! अगदी आपल्यासारखीच माणसं!

पत्त्यावरून त्या स्थळाचं घर गाठलं आणि शेजारची बेल वाजवली. गोऱ्या आजीबाईंनी दार उघडलं.

"बाजूचा मुलगा घरी किती वाजता येतो?" मी माझ्या इंग्रजीत विचारलं. "एकटाच राहतो ना?"

आजीबाईंनी धाडकन दार लावलं. मला वाटलं, चहा टाकायला गेल्या.

तोवर मुलाच्या घरापुढचा निळा डबा दिसला. तिकडे रद्दी आणि रिकाम्या बाटल्या अशा डब्यात घालून रस्त्याकडेला ठेवतात. मुलगा पितो की नाही, याचा आणखी पक्का पुरावा कुठला? घातला कोपरापर्यंत हात. ज्यूस, दूध, सॉस... मुलगा सोन्यासारखा! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

मागे पोलिसांची गाडी थांबली.

"काय शोधताय?"

"दारूच्या बाटल्या."

"घर तुमचं आहे?"

"नाही. पण सोयरीक होईल."

तेवढ्यात तो मुलगाच आला. पोलिसानं विचारलं, "यांना ओळखता?"

"छे!"

"अहो, मी वृषालीचा मामा!" सॉसची बाटली उंचावून मी ओरडलो.

पोरगं भलं. हसू दाबत त्यानं पोलिसाला समजावलं, मला घरी सोडलं. पण मी म्हटलं, झालं! माझ्यापायी भाचीचं लग्न मोडणार!

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन. "अरे, त्यांचा होकार आला!"

"सुटलो! माझ्याबद्दल काही म्हणाला?"

"एवढंच विचारलं, मामा सख्खे की लांबचे?"

"मग?"

ताई म्हणाली, "लांबचे म्हणून सांगितलंय."