न उघडताच दिलेला सल्ला

मंडळी, उस्मानपुऱ्यात माझं गेमिंग पीसी जुळवून द्यायचं दुकान आहे. आज तिथंच माझी मान खाली गेली.

यंदाच्या दुष्काळात आमच्या गल्लीला पाणी आणणारे टँकरवाले मामा लेकीचा गेम खेळायचा जुना कन्सोल घेऊन आले. गेम सुरू केला की तापून बंद पडायचा.

मी चार गिऱ्हाईकांसमोर भाषणच ठोकलं. "मामा, कन्सोल बनला त्या दिवशी जसा होता तसाच राहतो. पीसीत ग्राफिक्स कार्ड बदलता येतं, रॅम वाढवता येते. हा भंगारात द्या."

मामा शांतपणे म्हणाले, "भाऊ, टँकरची मोटर पाणी ओढंना झाली तर मी आधी जाळी बघतो. तुम्ही तर हे उघडलं बी नाय."

उघडला. पंख्यात खोदलेल्या रस्त्यांची धूळ गच्च बसलेली. साफ केल्यावर तासभर गार चालला. त्याच जुन्या हार्डवेअरमध्ये एवढा मोठा गेम बसवायला तो बनवणाऱ्यांनी किती डोकं लावलंय, ते मी आज पहिल्यांदा नीट पाहिलं.

मामांनी कन्सोल पिशवीत घातला आणि टँकर घेऊन पुढच्या गल्लीत गेले.

तुमच्यापैकी कुणाला मी असंच न बघता नवीन घ्यायला लावलंय का? जुनं अजून घरात असेल तर घेऊन या. आधी उघडतो, मग बोलतो.